पट्टीतलं वजन

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. अंबरनाथ एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढलेला माणूस मी. समोरचा शंभरदा म्हणू दे माप बरोबर आहे, स्वतः मोजल्याशिवाय मी जॉब उतरवत नाही. गायन पार्टीही मी तशीच चालवली. आमची नवप्रकाश गायन पार्टी: पेटीवर मी, गायला माझी बायको द्रौपदी, कीबोर्डवर अनंता, शिवाय ढोलकी आणि दोन कोरसवाले. आमचा आधीचा ढोलकीवाला शंकर मेहुण्याचा साखरपुडा आहे म्हणून एका कार्यक्रमाला आला नाही, आणि आठवड्याभराने कल्याणच्या एका पार्टीच्या पोस्टरवर त्याचा फोटो दिसला. फेटा बांधून. तेव्हापासून कुणी साखरपुड्याचं नाव काढलं तरी मी कान टवकारतो.

पंच्याण्णव सालच्या जानेवारीत अनंताने नवीन बाजा घ्यायची गोष्ट काढली. एमआयडीसीत सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमची प्रॅक्टिसही शुक्रवारी सकाळी, बुवापाड्यात माझ्या घरी. जुना कीबोर्ड आता पुरत नव्हता, हे मलाही मान्य होतं. मी म्हणालो, घेऊ, पण कसा घ्यायचा ते मी सांगतो. एका माणसाने खांद्यावर टाकून नेता आला पाहिजे. रिक्षात मावला पाहिजे. जनरेटरवर व्होल्टेज खालीवर झालं म्हणून भर गाण्यात मुका व्हायला नको. आणि द्रौपदीचा घसा बसला की बटण दाबून काळी तीनवरून काळी दोनवर उतरता आलं पाहिजे. द्रौपदी म्हणाली, "आवाज पत्र्याच्या डब्यासारखा नको, एवढं बघा."

अनंता मग म्हणाला, "पट्टीत वजन पाहिजे, आण्णा. बाकी काय नसलं तरी चालेल."

"पट्टीत वजन म्हणजे?"

"दाबली की उलटी हाताला ढकलते तशी. पियानोची असते ना, तशी जड पट्टी. तसे इलेक्ट्रिकवाले निघालेत आता."

मला हसूच आलं. पेटीवाल्याचा अर्धा जन्म पट्टी हलकी करण्यात जातो. पावसाळ्यात लाकूड फुगलं, पट्टी जड झाली, की आम्ही दुरुस्तीला धोंडिबाकडे धाव घेतो. आणि हा बाबा जड पट्टी मागत होता. शिवाय असला बाजा दोन माणसांनी उचलायचा, म्हणजे अनंताला तो वाजवायचा आणि आम्हाला तो वाहायचा. भीमगीतांच्या पार्टीला पियानो कशाला लागतो? लागतो तो हॉटेलातल्या ऑर्केस्ट्राला. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथं.

एकदा पाल चुकचुकली की मला सगळं दिसायला लागतं. अनंता बत्तीस वर्षांचा, रंगाच्या कंपनीत कामाला. थिनरने टाक्या धुवायचं काम. कायम इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस, तो दिवाळीपासून टी-शर्टात यायला लागला होता. मी म्हटलं, हिरो व्हायचं चाललंय. आधी तो वाजवताना माझ्याकडे, द्रौपदीकडे बघून हसायचा. आता मान खाली घालून, हातांकडे बघत वाजवायचा. मी म्हटलं, नजर चुकवतोय. द्रौपदी स्टीलच्या पेल्यातून उकळता चहा द्यायची. आम्ही सगळे रुमालाने धरायचो आणि हा सरळ मुठीत धरून बसायचा. तेव्हा मी म्हटलं, ह्याचं लक्षच नाही इथं.

मला भीती होती ती स्पष्टच सांगतो. अनंता गेला तर पार्टी गेली. दोनशे चाली त्याच्या डोक्यात होत्या, वही लागायची नाही. चौदा एप्रिलपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत आमच्या तारखा लागलेल्या असायच्या, त्या सगळ्या त्याच्या दोन हातांवर. मी पेटी बरी वाजवतो, पण माझ्या पेटीसाठी कुणी कार्यक्रमाची सुपारी दिली नसती.

बाजा त्यानेच शोधून काढला. बदलापूरला मांजर्लीत मधु भोईर म्हणून एक जण होता. मस्कतला हॉटेलात बारा वर्षं पियानो वाजवून परत आलेला आणि आता जमिनींच्या व्यवहारात पडलेला. त्याला त्याचा मस्कतचा बाजा विकायचा होता. आम्ही तिघं गेलो. त्याच्या ओटीच्या भिंतीवर गुडघ्याच्या वर पाण्याची रेघ होती. रंग दिला होता, तरी रेघ डोकावतच होती. मांजर्लीत नदी घरात येते हे पोराटोरांना ठाऊक आहे. बाजा लांबलचक, काळा, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, बाजेवर चादर घालून निजवल्यासारखा ठेवलेला. मी एक पट्टी दाबून पाहिली. जड, आणि वर येताना सावकाश.

"पाणी शिरलं होतं का ह्यात?" मी विचारलं.

"पानी घरान शिरलं व्हतं," मधु म्हणाला. "बाजा माल्यावर व्हता. पट्ट्या जडच असतान त्याच्या. तुमाला पेटीची सवय हाय, म्हनून तुमाला वाटतं."

विकणारा असंच म्हणणार. मी आणखी चार प्रश्न विचारणार होतो, तेवढ्यात अनंता वाजवायला बसला. सुरुवातीला तोही खाली बघून वाजवत होता. मग हळूहळू त्याची मान वर आली आणि त्याने डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी मी त्याला असं वाजवताना पाहत होतो. द्रौपदीने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "घेऊन टाका." पार्टीच्या फंडातून घेतला. नेताना मी आणि अनंताने दोन टोकं धरली. रिक्षात काही तो मावला नाही, तीनचाकी टेम्पो करावा लागला. माझी कंबर आठवडाभर मला शिव्या देत होती.

आता आणला आहे तर गप्प बसावं की नाही? पण अनंता दर शुक्रवारी दुपारी घाई करून निघायला लागला. कुठं, विचारलं तर म्हणायचा, "थोडं काम आहे, उल्हासनगरला." असं मोघम उत्तर मला पचत नाही. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मी त्याच्या मागे दुसरी रिक्षा घेऊन गेलो. तो कॅम्प नंबर चारला उतरला आणि एका तीन मजली इमारतीच्या जिन्यात शिरला. जिन्याच्या तोंडाशी हिंदीत मोठी पाटी: म्युझिकल ग्रुप, शादी-पार्टी के लिए मिलें. पाटीवर गिटार काढलेली. बाजूला आणखीही लहान लहान पाट्या होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. गिटार दिसल्यावर मला आणखी काय वाचायचं होतं?

मी समोरच्या पापडाच्या दुकानापाशी उभा राहिलो. जिन्यातून एक बाई खाकी रंगाचं मोठं पाकीट घेऊन उतरली. मागून एक म्हातारा काठी टेकत, पाय जपून टाकत आला. मी म्हटलं, असतील त्या ग्रुपवाल्यांच्या घरची माणसं. दुकानातले सिंधी काका मला न्याहाळत होते.

"किसको देख रहे हो, साईं?"

"ऐसे ही."

"ऐसे ही खड़े रहोगे तो गिराईक समझेगा कुछ लफड़ा है. कुछ ले लो."

मी पाव किलो पापड घेतले. चाळीस मिनिटांनी अनंता खाली आला. हातातला कागद त्याने घडी करून खिशात घालायचा प्रयत्न केला, तो दोनदा खाली पडला. मी मनात म्हटलं, घाबरलाय. तारखांचा कागद असणार. घरी आल्यावर द्रौपदीने विचारलं, "पापड कुठून आणलेत?" मी म्हणालो, "मिळाले." तीही माझ्यासोबत वीस वर्षं राहिलेली. पुढे काही विचारलं नाही, पण रात्री पापड भाजले नाहीत.

मार्चमध्ये अनंताची दुपारची शिफ्ट लागली. मी एका शनिवारी संध्याकाळी धोंडिबाला घरी बोलावलं. धोंडिबा म्हणजे आमच्या भागातला पेट्या दुरुस्त करणारा. हात सोन्याचा, पण विजेच्या वस्तूशी त्याचा संबंध दिवा लावण्यापुरता. मी म्हणालो, हा उघड, पाणी शिरलंय का बघ. पाणी शिरलेलं सापडलं असतं तर मधु भोईर चोर ठरणार होता, आणि हा बाजा अनंताने आणला, म्हणजे तोही.

पाण्याचा डाग कुठं नव्हता. पण पट्ट्यांच्या मागे बघून धोंडिबाने तोंडातली बिडी काढली. प्रत्येक पट्टीच्या शेपटाला एक लोखंडाची सळई बसवलेली होती, करंगळीएवढी. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, अठ्ठ्याऐंशी सळया.

"जयदेवा, वाद्यात लोखंड कोण घालतं?" धोंडिबा म्हणाला.

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. आमच्याकडे बाजारात फॉरेनचा म्हणून टेपरेकॉर्डर मिळायचा. घरी आणून उघडला की आत लोखंडाचा एक तुकडा चिकटवलेला सापडायचा, कशालाही न जोडलेला. हातात घेतल्यावर माल भारी वाटावा, एवढंच त्याचं काम. माझ्या स्वतःच्या घरात असला एक होता. म्हणजे हा बाजा डुप्लिकेट. मस्कत वगैरे सगळी थाप. खरं सांगतो, मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. दोन महिने जे नुसतं मनात होतं, ते आता चिमट्यात धरून दाखवता येत होतं.

"काढ सगळं," मी म्हणालो.

त्याने दोन तास बसून सळया काढल्या. खालच्या स्प्रिंगा तशाच ठेवल्या. पट्ट्या फुलासारख्या हलक्या झाल्या. मी पेटीवाल्याच्या बोटांनी एक चाल वाजवली तर हात पळायला लागला. बाजाही उचलायला सोपा झाला. धोंडिबाने डबाभर सळयांचं काय करू विचारलं. मी सांगितलं, भंगारात घाल. एक मात्र मी खिशात ठेवली, पुरावा म्हणून. अनंताला सांगायचं नाही असं मी ठरवलं. कार्यक्रमात त्याच्यापुढे बाजा ठेवायचा आणि तोंड बघायचं. आत लोखंड होतं हे त्याला आधीपासून माहीत असेल, तर चेहरा सांगेल. असली परीक्षा घ्यायची बुद्धी मला झाली.

दुसऱ्याच दिवशी, एकोणीस मार्चला, रविवारी, जांभूळला एक लग्न होतं. दुपारी जेवणावळीनंतर आमचं गायन. मंडपात गरम होत होतं, पंखे नुसतेच फिरत होते. बाजा मी एकट्याने स्टेजवर चढवला. अनंता बघत होता. म्हणाला, "आण्णा, कंबर बरी झाली वाटतं." मी पेटी पुढ्यात ओढली.

द्रौपदीने वंदनेनंतर पहिलं गाणं धरलं. अनंताने सुरावर हात ठेवला आणि एकाच वेळी दोन-तीन पट्ट्या वाजल्या. त्याने हात उचलला, परत ठेवला. परत तसंच. बोट एका पट्टीवर आणि सूर शेजारचा. द्रौपदीने गाता गाता मागे वळून बघितलं. पुढच्या रांगेत बसलेल्या बायका पानं लावायच्या थांबल्या. मी पेटीवर सूर धरून ठेवला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. चोरी पकडल्यावर माणसाचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक आहे. हे तसं नव्हतं. तो अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी न सापडलेल्या माणसासारखा दिसत होता.

तरीही मला वाटलं, हा मुद्दाम करतोय. पार्टीचं नाव घालवून सुटायचं आहे त्याला. द्रौपदीने नुसत्या पेटी आणि ढोलकीवर गाणं कसंबसं तडीला नेलं, आणि यजमानांना सांगून दहा मिनिटं मागून घेतली. मी अनंताला मंडपाच्या मागे नेलं, जिथं भांडी घासत होते. वाटेत कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला. खिशातून सळई काढली.

"हे काय आहे?"

त्याने सळई हातात घेतली. तळहातावर ठेवून वजन केलं. मग म्हणाला, "पट्ट्यांमधून काढलीत?"

"सगळ्या काढल्या. डुप्लिकेट माल गळ्यात मारलास आमच्या. आणि त्या कॅम्प चारच्या ग्रुपमध्ये कधीपासून जातोस, तेही आता सांगून टाक."

"कुठला ग्रुप?"

"गिटारची पाटी आहे तिथं. मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी."

अनंताने माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला, वाफाळता, आणि चारही बोटं आत बुडवली. मी हात धरेपर्यंत तो तसाच उभा होता. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"त्याच जिन्यात वर डॉक्टर आहेत, आण्णा. नसांचे," तो म्हणाला. "पाटी लहान आहे. बोटं मुकी झालीत माझी. थिनरमुळे, असं म्हणतात ते. शर्टाचं बटण लागत नाही. कीबोर्डची पट्टी हलकी, दाबली की नाही तेच कळत नाही, म्हणून बघून वाजवायचो. जड पट्टीचं वेगळं आहे. ती ह्या लोखंडानेच उलटी ढकलते ना, ते मनगटाला कळतं. बोटाला नाही कळत, मनगटाला कळतं. तेवढ्यावर माझं चाललं असतं."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्हाला?" तो म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुम्ही दुसऱ्या दिवशी दुसरा बघितला असतात."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण खरंच बघितला असता. शंकर गेला तेव्हा तिसऱ्या दिवशी नवीन ढोलकीवाला माझ्या दारात होता, आणि ह्याचा मला अभिमान होता. मला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती. टी-शर्ट, चहाचा पेला, दोनदा पडलेला कागद, सगळं माझ्या समोर होतं. डोळ्यांत तेल घालून मी सगळं पाहिलं होतं आणि एकही गोष्ट मला दिसली नव्हती.

उरलेला कार्यक्रम अनंताने टाळ वाजवून पार पाडला. परतीच्या टेम्पोत द्रौपदी त्याचा भाजलेला हात मांडीवर घेऊन ओल्या पदराने पुसत होती आणि माझ्याकडे एकदाही बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी धोंडिबाकडे गेलो. डबा त्याने भंगारवाल्याला दिला होता, मीच सांगितल्याप्रमाणे. भंगारवाल्याचा माल ट्रकमध्ये चढून गेला होता. उरली एक सळई. मग मी जे येतं ते केलं. सुपरवायझरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत काय करायचं ते कर. मी जेवणाचा डबा तसाच ठेवून लेथवर रोज पाच-सहा सळया काढायला लागलो. तेवढीच लांबी, तेवढीच जाडी. प्रत्येक सळई सोनाराच्या काट्यावर नमुन्याशेजारी ठेवून बघायचो. पण नमुना एकच, आणि तो कुठल्या पट्टीचा होता ते धोंडिबाला आठवेना. अनंता म्हणाला, "खालच्या सुरांच्या जास्त जड होत्या, वर जाता जाता हलक्या." किती जड, किती हलक्या, ते तो तरी कसं सांगणार? मग मीच अंदाजाने चढउतार धरला. जन्मभर अंदाजाने काम करणाऱ्याला मी शिव्या घातल्या होत्या.

सात एप्रिलला, शुक्रवारी सकाळी, धोंडिबाने शेवटची सळई बसवली. चौदा तारीख आठवड्यावर होती. अनंता बसला. हातावरचे फोड सुकले होते. मी म्हणालो, "एकेक दाबत जा. कळली तर कळली म्हण, नाही तर नाही म्हण. मला खरं पाहिजे. जी कळणार नाही ती मी परत करतो."

त्याने डोळे मिटले आणि अगदी खालची पट्टी दाबली.

"कळली," तो म्हणाला.

दुसरी. "कळली." तिसरी. "कळली." द्रौपदी दारात येऊन उभी राहिली. मी एकेक मोजत होतो. मधे कुठंतरी त्याचा हात थांबला, मनगट किंचित हललं, आणि मग तो म्हणाला, "कळली, आण्णा." असं करत तो शेवटच्या पट्टीपर्यंत गेला. एकदाही नाही म्हणाला नाही. मग डोळे उघडून माझ्याकडे बघून हसला, पूर्वी हसायचा तसा. द्रौपदीने डोळे पुसले. धोंडिबाने बिडी पेटवली. सगळे खूश होते.

आणि मी तिथं बसून विचार करत होतो, की लेथवर माझा अठ्ठ्याऐंशीचा लॉट एकही जॉब रिजेक्ट न होता आजवर पास झालेला नाही. नमुना एकच असताना, चढउतार अंदाजाने धरलेला असताना, हा पास कसा झाला? तो खरं बोलत होता की माझं मन राखत होता? परत विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

चौदा तारखेला संध्याकाळी मैदान भरलं होतं. बाजा आम्ही दोघांनी दोन टोकं धरून स्टेजवर चढवला, पूर्वीइतकाच जड. द्रौपदीने काळी तीनमध्ये सूर लावला आणि माझ्या शेजारी अनंताचा पहिला सूर वाजला, स्वच्छ. तो डोळे मिटून वाजवतोय की हातांकडे बघून, एवढं कळायला मला फक्त मान वळवावी लागली असती. मी कार्यक्रम संपेपर्यंत पेटीवरून मान वर केली नाही.